‘नको’चं बटण कुठे ठेवलंय?

कुठल्या तरी अ‍ॅपने लोकांची माहिती परस्पर तिसऱ्याला विकल्याची बातमी येते, दोन दिवस वाद रंगतो आणि तिसऱ्या दिवशी तो होता तिथेच येऊन थांबतो. एका बाजूचे म्हणतात, ‘सगळं फुकटात वापरायचं आणि वर खासगीपणाचं रडगाणं गायचं? अटी मान्य करताना डोळे मिटले होते का?’ दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ‘एवढी काळजी असेल तर स्मार्टफोन टाकून द्या, साधा बटणांचा फोन घ्या.’ ही दोन टोकं वाटतात खरी, पण एका मुद्द्यावर दोघांचं पक्कं एकमत आहे. जे झालं त्याची जबाबदारी फोन हातात धरणाऱ्याची. एक त्याला हावरट ठरवतो, दुसरा भाबडा. ज्याने तो पडदा आखला, ‘परवानगी द्या’ ठळक निळ्या पट्टीत आणि ‘आत्ता नको’ फिकट करड्या अक्षरांत ठेवायचं ठरवलं, तो या भांडणात कुठे दिसतच नाही.

मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. हातातल्या यंत्रावरचा खासगीपणा हा वापरणाऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही, तो इंटरफेसचा, म्हणजे पडद्यावर काय आणि कसं मांडलंय याचा प्रश्न आहे. आणि त्यातही डीफॉल्टचा, म्हणजे आपण काहीच केलं नाही तर काय होतं याचा. कायदा करणाऱ्यांनी, टीकाकारांनी आणि नवं गॅजेट दिसलं की हात शिवशिवणाऱ्या माझ्यासारख्यांनीही आपला जोर तिथे लावायला हवा. ‘लोकांनी जागरूक व्हावं’ हा उपदेश पुष्कळ झाला.

डीफॉल्टला मी फारच भाव देतोय असं वाटत असेल, तर ज्यांना त्याचा भाव पैशांत माहीत आहे त्यांच्याकडे बघू. २०२२ या एका वर्षात गूगलने अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर मोजले. सफारी ब्राउझरमध्ये आधीपासून गूगल सर्चच बसवलेलं असावं, यासाठी. अमेरिकी न्याय विभागाने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा उघड झाला. आता, सर्च इंजिन बदलायला कोणालाही बंदी नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन-चारदा बोट टेकवलं की काम होतं. ‘लोकांना हवं असेल तर ते बदलतातच’ हे खरं असतं, तर कुठल्या हिशेबनिसाने एवढी रक्कम मंजूर केली असती? ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं, त्या निकालातही डीफॉल्टच्या या ताकदीचा ऊहापोह आहे. व्यापारात ज्या गोष्टीला अब्जावधी मिळतात, ती खासगीपणाचा विषय निघाला की अचानक बिनमहत्त्वाची कशी होते?

हा घोळ स्मार्टफोनने आणला, असंही नाही. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो’ ही त्याची जाहिरात. तोवर फोटो काढणं म्हणजे बहुतेकांसाठी तिपाई, काचेच्या प्लेटा आणि समोरच्याला दम धरून बसवणं. कोडॅक हातात मावायचा आणि १०० फोटोंची फिल्म भरूनच यायचा. ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला कंपनीकडे पाठवायचा. तिथे फोटो धुतले जात, नवी फिल्म भरली जाई आणि सगळं घरपोच परत. क्लाउडचं वेगळं काय असतं? सोय तुमची, पण तुमचे घरगुती फोटो तुमच्या आधी कंपनी बघणार. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट छायाचित्रं आणि वृत्तपत्रांचा आगाऊपणा ही त्यांची मुख्य तक्रार. लोकांनी तोंड झाकून फिरावं असा सल्ला त्यांनी दिला नाही. यंत्र बदललं तर कायद्यालाही हलावं लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सोय आणि खासगीपणा यांत निवड करायची वेळ आली की माणसं डोळे उघडे ठेवून सोय निवडतात. याला इतिहासाचा पुरावाही आहे. १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं पोस्टकार्ड निघालं. आपला मजकूर नोकरचाकर वाचतील, पोस्टमन वाचेल, अशी कुरकुर झाली. तरी लोकांनी पोस्टकार्ड डोक्यावर घेतलं, कारण ते स्वस्त होतं आणि चार ओळींसाठी पुरेसं होतं. मला हा पुरावा मान्य आहे. पण पोस्टकार्ड उघडं असतं हे पोस्टकार्डाकडे पाहिलं की कळतं. त्यामुळे खुशाली कार्डावर आणि घरातली भांडणं पाकिटात, हा विवेक लोक आपोआप पाळत. त्यासाठी कोणाला जागरूकतेची मोहीम काढावी लागली नाही. आता ई-मेलकडे बघा. कितीतरी वर्षं तो साध्या मजकुराच्या रूपात एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात होता, वाटेतल्या कोणालाही वाचता येईल असा. म्हणजे व्यवहार सगळा पोस्टकार्डाचा. आणि त्याचं चिन्ह कोणतं? बंद पाकीट. सौदा करायला माझी हरकत नाही. पण सौद्यात काय जातंय हे वस्तूच्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे, आणि हा चेहरा म्हणजेच इंटरफेस.

‘ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी साधनं आहेत की’ हा त्याच आक्षेपाचा धाकटा भाऊ. होती. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचं, ई-मेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर लोकांना दिलं. गणित भक्कम, हेतू उत्तम, वापरायला मोकळं. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी १२ जणांना बसवून त्याची परीक्षा घेतली. काम एवढंच: निरोप सांकेतिक रूपात बदला, सही करा आणि पाठवा. वेळ ९० मिनिटं. हे लोक अडाणी नव्हते, ई-मेल रोज वापरणारे होते. एक तृतीयांश लोकांनाच जमलं. आणि तिघांनी तर गुप्त मजकूर तसाच उघडा पाठवून दिला, म्हणजे खासगीपणा राखायला बसले आणि तोच घालवून उठले. पब्लिक की म्हणजे सगळ्यांना द्यायची किल्ली, प्रायव्हेट की म्हणजे स्वतःकडे ठेवायची, कोणती कोणाला द्यायची, या चिन्हांच्या जंगलात ते हरवले. पीजीपी पुढची कित्येक वर्षं मूठभर जाणकारांपुरतं राहिलं आणि त्यातून एक सोयीचा निष्कर्ष निघाला: लोकांना खासगीपणा नकोच असतो.

मग एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाही निरोप वाचता येऊ नये अशी सोय, सगळ्यांसाठी चालू केलं. एक अब्जाहून अधिक माणसांचे निरोप कुलूपबंद झाले. त्यांनी त्यासाठी काय केलं? अ‍ॅप अपडेट होऊ दिलं. कोणी किल्ल्या सांभाळल्या नाहीत की कोणी वर्ग लावला नाही. २५ वर्षांच्या प्रबोधनाने जे झालं नाही ते एका डीफॉल्टने झालं. माणसं तीच, स्वभाव तोच, आळसही तोच. व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, आणि कोण कोणाशी, कधी बोललं ही माहिती या कुलपाबाहेरच राहते, हेही खरं. पण ‘लोकांना पर्वा नाही’ हा सिद्धांत त्या दिवशी संपायला हवा होता.

असंच एकदा टेलिफोनचंही झालं होतं. सुरुवातीच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉल ऑपरेटरच्या हातून जाई आणि ओळीवर तिचा कान असू शकत असे. अल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, असा त्याला संशय होता. त्याने १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळवलं. पुढच्याच वर्षी इंडियानातल्या ला पोर्त गावात ते सुरूही झालं. पुढे फोनवर डायल आली. फोनवर जपून बोला, असं लोकांना सांगण्याऐवजी मधला कानच काढून टाकला. बदल्यात नंबर फिरवायचं काम गिऱ्हाइकाच्या बोटांवर आलं, म्हणजे थोडी सोय गेलीच. त्यासाठी कोणी रडलं असेल तर ते फार काळ टिकलं नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. फुकट सेवा जाहिरातींवर चालतात, जाहिराती माहितीवर चालतात. माहिती आटली तर सेवा विकत घ्याव्या लागतील आणि त्या श्रीमंतांपुरत्या उरतील. हे उडवून लावण्यासारखं नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १४.५ या प्रणालीने एक छोटी चौकट आणली: हे अ‍ॅप इतर कंपन्यांच्या अ‍ॅप आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू इच्छितं, काढू द्यायचा का? खाली दोन बटणं, दोन्ही सारखीच. माग काढणं आधीपासून चालूच होतं. फरक एवढाच की आता विचारलं जाऊ लागलं. पुढच्या फेब्रुवारीत फेसबुकची मालक असलेल्या मेटाने सांगितलं की या बदलाचा त्या वर्षीच्या उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. नेमका ग्राहक गाठायला याच जाहिरातींवर अवलंबून असलेल्या लहान धंद्यांनाही झळ लागली. शिवाय ही चौकट लिहिणारा अ‍ॅपल काही साधुसंत नव्हे. त्याचा स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहे आणि त्याच्या जाहिरातींना हीच चौकट लागू नव्हती. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने या अंमलबजावणीसाठी अ‍ॅपलला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. हे सगळं कबूल. पण यातून काय सिद्ध होतं? एका चौकटीतल्या दोन ओळी आणि दोन बटणं दहा अब्ज इकडून तिकडे हलवू शकतात. ज्या धंद्याचं गणित ‘विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारू नका’ यावर उभं आहे, त्याला लोकांची संमती होती असं म्हणायचं तरी कसं? जाहिरात मजकुराशेजारी लावता येते, वर्तमानपत्रांनी पिढ्यान् पिढ्या तेच केलं. वाचकाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जाणं ही जाहिरातीची अट कधीच नव्हती.

विचारण्याचा अतिरेक होतो, हाही आक्षेप मला पटतो. कुकी, म्हणजे वापरणाऱ्याला ओळखायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती खूणचिठ्ठी, ठेवू का असं विचारणाऱ्या पट्ट्यांनी अख्खं वेब विद्रूप केलं आहे. लेख वाचायला जावं तर अर्ध्या पडद्यावर ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो’ अशी पाटी आणि खाली शेकडो ‘भागीदारां’ची यादी. जितक्यांदा विचाराल तितकं लोक न वाचता दाबतात, हे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टानेही दाखवलं होतं: दर पावलाला ‘परवानगी आहे का’, आणि लोकांनी बोटांनाच सवय लावून घेतली. अटी वाचा म्हणणाऱ्यांनी २००८ चा मॅकडोनल्ड आणि क्रेनर यांचा अभ्यास बघावा. एखाद्या माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक साइटचं खासगीपणाचं धोरण वाचायचं ठरवलं, तर वर्षाचे दोनशेहून अधिक तास त्यातच जातील.

पण या पट्ट्या तशा का दिसतात? जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. गुन्हा काय, तर कुकी स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. संमती विचारायला लावणाऱ्या युरोपीय कायद्यात ‘नाकारणं अवघड करा’ असं कुठे लिहिलं नव्हतं. ती कारागिरी कंपन्यांची होती. पट्टी मुद्दाम त्रासदायक करायची आणि त्रासाचं खापर कायद्यावर फोडायचं. शिवाय एकदाच विचारण्याची सोय कोणी काढली नव्हती, असंही नाही. ‘डू नॉट ट्रॅक’ ही कल्पना २००९ मधली. ब्राउझरमध्ये एकदा खूण करायची, प्रत्येक साइटला तो निरोप जाणार. मानायचा की नाही हे साइटच्या मर्जीवर. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर १० मध्ये ही खूण आधीपासूनच चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा जाहिरातदार उसळले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: डीफॉल्टने चालू असलेली खूण ही वापरणाऱ्याची खरी इच्छा मानता येणार नाही, म्हणून आम्ही ती पाळणार नाही. वा! मग डीफॉल्टने चालू असलेला माग ही मात्र खरी इच्छा? २०१९ च्या जानेवारीत या प्रमाणकावर काम करणारा डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेचा गट बंद झाला. तीच कल्पना आता ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या नावाने परत आली आहे आणि कॅलिफोर्नियात ती पाळणं कायद्याने बंधनकारक आहे. २०२२ मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला जो १२ लाख डॉलरचा दंड भरावा लागला, त्यात हा निरोप धुडकावल्याचाही आरोप होता. मर्जीवर सोडलं तेव्हा निरोप कचऱ्यात गेला. दंड बसू लागला तेव्हा तोच निरोप ऐकू येऊ लागला.

बटण असणं आणि बटणाला अर्थ असणं या दोन गोष्टी आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्च अ‍ॅपचं प्रकरण उघड केलं. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’, कोट्यवधी फोनांवर उतरवलेलं. पहिल्यांदा उघडलं की अटींचा पडदा येई, खाली ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’. माणूस विचार करत बोट वर धरून बसलेला असे, आणि तेवढ्यात अ‍ॅपने त्याचं ठिकाण आणि फोनचा ओळखक्रमांक बाहेर पाठवलेलाही असे. दोन्ही बटणं शोभेची. अशा वेळी ‘त्याने विचार करून दाबायला हवं होतं’ या वाक्याचं काय करायचं?

जुन्या यंत्रांबद्दल हळवं होणाऱ्यांशीही माझं थोडं भांडण आहे, जरी मी त्यांच्यातलाच आहे. १९९६ चा पाम पायलट मला आजही सुंदर वाटतो. जेफ हॉकिन्स म्हणे त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचे आणि भेटीची वेळ ठरवायची झाली की तो काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. हातातल्या यंत्राचा इंटरफेस असा हाताने शोधला गेला. दोन छोटे सेल आठवडेच्या आठवडे पुरत. डायरी तुमच्या खिशात आणि तिची प्रत तुमच्याच संगणकावर, मध्ये तिसरा कोणी नाही. पण हा खासगीपणा पामचं पुण्य नव्हतं, त्याला बाहेर जायला रस्ताच नव्हता. तेव्हा ‘मागे चला’ हा उपाय नाही. उपाय आजच्या यंत्रातच आहे आणि कुठे कुठे तो वापरलेलाही आहे. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये बोटाचा ठसा ओळखणारी सोय आली. त्या ठशाची माहिती चिपच्या एका वेगळ्या कप्प्यात राहते. अ‍ॅपला फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही जुळला’ एवढंच कळतं. फोन अनलॉक करायला ठसा कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायलाच हवा, असं तेव्हा ठरवलं असतं तर आपण तेही अपरिहार्य मानून बसलो असतो. २०१९ च्या आयओएस १३ ने पार्श्वभूमीत ठिकाण वापरणाऱ्या अ‍ॅपबद्दल नुसतं वाक्य न लिहिता छोटा नकाशाच दाखवायला सुरुवात केली: या अ‍ॅपने तुम्हाला कुठे कुठे टिपलं त्याचे ठिपके. दहा पानी धोरणापेक्षा ते ठिपके जास्त बोलतात.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या सापडल्या. सैनिक लपवण्यासारखं काही करत नव्हते, धावत होते. 

‘माझी माहिती, माझी मर्जी’ हा मुद्दा मात्र याहून खोलवर फसतो. २०१२ मध्ये पाथ हे अ‍ॅप आयफोनवरची अख्खी संपर्कयादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचं उघड झालं, आणि त्याच वर्षीच्या आयओएस ६ पासून संपर्कांसाठी परवानगी विचारली जाऊ लागली. चांगलं झालं. पण विचारलं कोणाला? फोनवाल्याला. यादीतली नावं, नंबर, वाढदिवस तर दुसऱ्यांचे. डॉक्टर, शेजारी, जुने सहकारी, भांडण झालेले मित्र, सगळ्यांच्या वतीने एक माणूस रांगेत उभ्या उभ्या ‘ओके’ दाबतो. निवडक संपर्कच देण्याची सोय आयफोनवर यायला २०२४ चं आयओएस १८ उजाडावं लागलं.

नव्या यंत्रांनी हा पेच आणखी घट्ट केला आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ‘रीकॉल’ जाहीर केलं: संगणक दर थोड्या सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवणार, म्हणजे पुढे कधीही ‘ते कुठे पाहिलं होतं’ हे शोधता येईल. गॅजेटवेड्याला हे ऐकूनच मोह पडतो, मलाही पडला. ते आधीपासून चालू असणार होतं आणि टिपलेला मजकूर किती सहज वाचता येतो हे सुरक्षा-अभ्यासकांनी लगेच दाखवून दिलं. तीन आठवड्यांच्या आत कंपनीने शब्द फिरवला: आता ते बंदच येईल, हवं त्याने चालू करावं. लोकांनी संगणक फेकले नव्हते, अटींचा अभ्यासही केला नव्हता. ओरड नेमक्या एका जागी झाली, डीफॉल्टवर, आणि तिथेच निर्णय बदलला. तरीही ज्याने रीकॉल चालू केलं त्याच्याशी बोलणाऱ्याचे निरोप त्या चित्रांत येणारच, आणि त्याला कोणीही विचारणार नाही. मे २०२५ मध्ये सिग्नल या खासगी निरोपांच्या सेवेने विंडोजवरच्या आपल्या अ‍ॅपमध्ये पडद्याचं चित्र घेऊ न देणारी सोय आणली, तीही डीफॉल्टने चालू. खासगी गप्पांसाठी विंडोजने असा वेगळा दरवाजा ठेवलाच नव्हता. म्हणून सिग्नलला हत्यार वापरावं लागलं ते चित्रपटांची नक्कल होऊ नये यासाठी बनवलेलं.